कडू बदामाचा वास

मुलाखतीत त्यांनी मला नावसुद्धा विचारलं नाही. माझा बायोडेटा टेबलावर पालथा ठेवला, मला गाळ्याच्या मागच्या भागात नेलं, एका टाकीपासून दोन हातांवर उभं केलं आणि म्हणाले, "श्वास घे. हळू. काय वास येतो?"

टाकीत पिवळट पाणी होतं. वर आडव्या पितळी दांड्या आणि त्यांना टांगलेले लोखंडाचे तुकडे. मला ओल्या लोखंडाचा वास येत होता, ब्लीचिंग पावडरचा येत होता, आणि माझ्या घामाचा. ते टाकीकडे बघतच नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. बी.एस्सी. होऊन मी वर्षभर घरी बसले होते. बाबा बसवर कंडक्टर, निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले. टाकीत सायनाईड आहे हे दारावरच्या पाटीवरून कळलं होतं, आणि सायनाईडचा वास कसा असतो ते पुस्तकात वाचलं होतं.

"बदामासारखा," मी म्हणाले.

"कसल्या बदामासारखा?"

"कडू."

"उद्यापासून ये. नऊला."

त्याच पुस्तकात पुढे असंही लिहिलं होतं, की काही माणसांना हा वास जन्मतःच येत नाही. त्या माणसांतली मी एक आहे, हे मला त्या टाकीपाशी उभं असताना कळलं. नोकरी लागली म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र त्या दिवसापासून जी भ्यायले, ती पुढची आठ वर्षं.

आमची इंडस्ट्रियल इस्टेट डिलाईल रोडच्या टोकाला होती. तीन मजले, लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना शटरवाले गाळे. वर लेथ, प्रेस, स्प्रिंगवाले, एक इलेक्ट्रॉनिक्सवाला. तळमजल्यावर आम्ही प्लेटिंगवाले, कारण आम्हाला पाणी लागायचं आणि गटार लागायचं. दुसऱ्या मजल्यावर कापलेला स्क्रू पहिल्या मजल्यावर आटे पाडून घ्यायचा, आमच्याकडे येऊन झिंकचा मुलामा चढवून घ्यायचा आणि समोरच्या गाळ्यात खोक्यात बसायचा. सकाळी जन्मलेला स्क्रू संध्याकाळी टेंपोत. एकाचं शटर बंद राहिलं की बाकीच्यांचे हात थांबायचे.

मुलामा चढवायच्या पाण्यात तेव्हा सायनाईड असायचं. त्याआधी लोखंड ॲसिडमध्ये धुवावं लागायचं. ही दोन पाणी शेजारी शेजारी असली तर काही होत नाही. एकत्र आली की गॅस होतो. दाट असला तर त्याने माणूस किती वेळात जातो, हे सरांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं. सांगताना चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"एवढ्यात," ते म्हणाले.

मी त्यांना सर म्हणायचे. इस्टेटीत बाकी सगळे त्यांना 'नाकवाले' म्हणत, तोंडावर 'साहेब'. ते गिरगावातले, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले. घराण्यात कुणी हाताला ग्रीस लावून घेतलं नव्हतं, ते यांनी घेतलं. साठीच्या आसपासचे, काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, आणि त्या बारक्या चेहऱ्यावर खरोखरच मोठं नाक. सकाळी नऊला ते फक्त आमच्याच नव्हे, तर तळमजल्यावरच्या प्रत्येक गाळ्यासमोरची गटाराची झाकणं उघडायचे. लाल झाकण ॲसिडचं, निळं झाकण सायनाईडचं. हे रंग त्यांनीच दिले होते, कुणाला न विचारता. रुमाल अंथरायचा, त्यावर गुडघे टेकायचे, वाकायचं, हळू श्वास घ्यायचा. मग "ठीक" म्हणून उठायचं आणि पुढचं झाकण. सुरुवातीला लोक भांडत. आमच्या गटारात तुम्ही कोण नाक घालणारे, असं अगदी शब्दशः विचारत. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुझ्या गटारात काय वाहतं ते तुझ्याआधी मला कळलं पाहिजे. मी तुझ्या शेजारी बसतो."

माझं काम त्यांच्यामागून वही घेऊन चालायचं, आणि त्यांच्यानंतर वाकायचं. दोन नाकं बरी, असं ते म्हणत. ते "ठीक" म्हणाले की मीही "ठीक" म्हणायचे. मला काही कळत नव्हतं. मी त्यांच्या नाकावर जगत होते.

नाक त्यांनी जपलंही तसंच. बिनवासाचा साबण, पावडर नाही, पान नाही, लवंगसुद्धा नाही. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "उद्यापासून गजरा नको. केसांना तेल लावायचं तर रात्री लाव, सकाळी धुऊन ये." गाळ्यात उदबत्ती बंद. आमचा टाकीवरचा माणूस दत्ताराम, मालवणकडचा, त्याच्या डब्यात सुका बांगडा असला की त्याने गच्चीवर जाऊन जेवायचं. एकदा त्याने जिन्यातच डबा उघडला, तर खालून सरांचा आवाज आला, "दत्ताराम, अजून दोन जिने." गणपतीत लालबागेतून धूप आणि फुलांचा वास वाऱ्यावर आमच्यापर्यंत यायचा. सगळं वातावरण आनंदाचं, आणि हे अस्वस्थ. "काही ऐकू येत नाही," म्हणायचे. वासाबद्दल ते नेहमी ऐकण्याची भाषा करत.

ते भित्रे होते. हे मी प्रेमाने म्हणत नाही, खरंच भित्रे होते. कुठल्याही खोलीत दाराकडे पाठ करून बसत नसत. लिफ्टने जात नसत. माझं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये झालं. सर आले, आहेराचं पाकीट माझ्या हातात देण्याआधी थेट स्वयंपाकघरात गेले आणि केटररला दोन सिलिंडर बाहेरच्या बोळात हलवायला लावले. केटरर चिडला, माझे सासरे चिडले. सर शांतपणे म्हणाले, "चिडा. पण हलवा." सिलिंडर हलल्यावर मगच ते पंगतीला बसले, दाराजवळच्या पानावर.

या भित्रेपणातूनच त्यांनी इस्टेटीतलं सगळ्यात मोठं काम केलं. सायनाईड न घालता झिंक चढवता येईल का, यावर ते माझ्या आधीपासून खटपट करत होते. मी आल्यावर आम्ही दोघं रोज दुपारी छोट्या टाकीत नवं पाणी लावायचो. कधी मुलामा काळा पडायचा, कधी पापुद्र्यासारखा सुटायचा. वरचा लेथवाला आम्हाला नासलेले स्क्रू द्यायचा, स्प्रिंगवाला तुटक्या स्प्रिंगा द्यायचा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्या जोसेफने करंट कमी-जास्त करायला एक खोका करून दिला. तीन वर्षांनी एका दुपारी स्क्रू टाकीतून बाहेर आला तो चांदीसारखा. सरांनी तो पक्कडीने वाकवला, आपटला, घासला. झिंक सुटलं नाही.

दुसऱ्या कुणी ही कृती कुलपात ठेवली असती. सरांनी पेंटरला बोलावलं, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या, आणि पॅसेजच्या भिंतीवर ऑइलपेंटने ती लिहून घेतली. कॉस्टिक सोडा किती, झिंक किती, पाणी किती गरम, काय चुकलं की काय दिसतं. शेवटची ओळ अशी: 'अडल्यास आमच्या गाळ्यात येऊन विचारावे. लाजू नये.'

शेजारचे प्लेटिंगवाले जयंतीभाई भिंतीसमोर उभे राहून बराच वेळ वाचत होते. मग आमच्या गाळ्यात आले. "साहेब, तब्येत ठीक आहे ना तुमची? फॉर्म्युला कोणी भिंतीवर लिहितो काय? उद्या तुमचे गिऱ्हाईक माझ्याकडे येतील."

"येऊ देत. तुझ्या टाकीत सायनाईड किती आहे?"

"जेवढा सगळ्यांकडे असतो तेवढा."

"ती टाकी फुटली तर भिंतीच्या अलीकडे मी बसलोय. माझं गिऱ्हाईक घे, जयंती. पण ते पाणी काढ."

जयंतीभाईंनी सहा महिन्यांत पाणी बदललं. मग एकेक करून इतरांनी. कुणी कृतीत सुधारणा केली की पेंटर पुन्हा यायचा, खाली एक ओळ वाढायची. दूरदूरच्या इस्टेटींतले प्लेटिंगवाले येऊन भिंतीचे फोटो काढून न्यायचे. मागच्या बाजूचे दोन गाळे तेवढे राहिले. त्यांचं जुनं पाणी चाललंय तेवढं चालू द्या म्हणायचे. त्या दोन गाळ्यांच्या झाकणांपाशी सर जास्त वेळ वाकायचे.

याच सुमारास क्लस्टरची योजना आली. छोट्या उद्योगांनी एकत्र येऊन सामायिक सोय उभारायची, सरकार मदत करणार. आमच्यासाठी सामायिक सोय म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. पाहणी करायला एक सल्लागार आले, तरुण, लॅपटॉप घेऊन. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, नवोन्मेष, परिसंस्था, शाश्वत विकास असे शब्द आले, दत्ताराम मागे बसून पेंगला. शेवटी त्यांनी विचारलं, "इथलं इनोव्हेशन नेमकं कुठे होतं? म्हणजे आर अँड डी सेक्शन कुठे आहे?"

सरांनी त्यांना भिंतीपाशी नेलं. मग मागच्या निळ्या झाकणापाशी. रुमाल अंथरला. "वाका," म्हणाले. सल्लागार हसले, पण सर हसत नाहीत हे बघून वाकले.

"कशाचा वास?"

"कसला तरी... गोडसर?"

सरांनी त्यांना दंडाला धरून एकदम मागे ओढलं. झाकण घट्ट लावलं. "आमचं क्लस्टर हे," ते म्हणाले. "सगळ्यांचं पाणी खाली एकत्र होतं. बाकी सगळं नंतर."

त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण माणूस चांगला होता. जाताना त्याने स्पष्ट सांगितलं. सरकारात वर दोन मतं आहेत. एक, प्लेटिंगवाल्यांना शहराबाहेर लांब पाठवा, मग वरचे मजले आपोआप रिकामे होतील. दुसरं, इथेच प्लांट द्या, माणसांचं काम इथेच राहील. तो दुसऱ्याच्या बाजूने लिहिणार होता. मात्र मंजुरी येईपर्यंत इस्टेटीत एकही अपघात होता कामा नये. एक झाला तर पहिलं मत जिंकलं. तेव्हापासून सरांच्या सकाळच्या फेरीत जयंतीभाईसुद्धा मागे येऊन उभे राहायला लागले.

मग कोरोना आला. शटरं पडली. सर आजारी पडल्याचं फोनवर कळलं, हॉस्पिटलात होते, वाचले. इस्टेट पुन्हा उघडली तेव्हा आले ते निम्मे होऊन. पहिल्या सकाळी त्यांनी रुमाल अंथरला, पहिल्या झाकणाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं चक्कर आली. मग म्हणाले, "ठीक."

मला आधी काही कळलं नाही. चार दिवसांनी दत्तारामने सवय मोडल्यामुळे गाळ्यातच डबा उघडला, सुका बांगडा तळलेला. त्याच्या लक्षात आलं, त्याने जीभ चावली आणि सरांकडे बघितलं. सर दोन हातांच्या अंतरावर बसून चलन लिहीत होते. लिहीतच राहिले. त्याच आठवड्यात माझ्या चुलतबहिणीची हळद होती. मी मुद्दाम गजरा माळून गाळ्यात गेले, मोगऱ्याचा, भरगच्च. सरांच्या खुर्चीमागून जवळून गेले. ते म्हणाले, "कॉस्टिकचा ड्रम आला का बघ."

कोरोनाने कित्येकांचं नाक गेलं होतं, काहींचं परत आलं होतं. सरांचं आलं नव्हतं आणि ते लपवत होते. इस्टेटीत गटारावर वाकणारी माणसं दोनच, आणि दोघांनाही वास येत नव्हता. हे फक्त मला माहीत होतं. सांगायचं तर त्यांचं सांगावं लागणार, आणि मग माझं. नवऱ्याचं काम लॉकडाऊनमध्ये सुटलं होतं. मी गप्प बसले. रोज सकाळी ते वाकायचे, "ठीक." मी वाकायचे, "ठीक."

पंधरवडा गेला आणि एका सकाळी ते म्हणाले, "आजपासून तू आधी वाकत जा. माझी कंबर धरते." मी रुमालावर गुडघे टेकले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मुलाखतीत बघितलं होतं तसंच, पण त्या बघण्यात आता विनवणी होती. मी म्हणाले, "ठीक, सर." त्यांनी श्वास सोडला. आपल्या नाकाच्या जागी त्यांनी माझं नाक ठेवलं होतं.

आठवडाभर असंच चाललं. शनिवारी फेरी संपवून आम्ही मागच्या बाजूला उभे होतो. तिथे एक खड्डा होता, दोन पायऱ्या खाली. मागच्या गाळ्यांचं धुण्याचं पाणी त्यात जमायचं आणि पंपाने वर उचललं जायचं. दत्ताराम पंप चालू करायला उतरला. मी दोनच मिनिटांपूर्वी वरच्या झाकणाशी "ठीक" म्हणाले होते. दत्ताराम खालच्या पायरीवर बसला.

"साहेबांनू, माका जरा गरगरल्यासारख्या वाटता," तो म्हणाला. "बसतंय हंयच."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "वास येतोय तुला?"

"नाही, सर."

"नक्की नाही?"

"सर, मला कधीच येत नव्हता," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. वरच्या मजल्यावरचा प्रेस धाडधाड चालला होता. मग ते अगदी हळू म्हणाले, "मलापण येत नाही. धाव. सगळ्यांना बाहेर काढ. कुणी कारण विचारलं तर थांबू नकोस."

मी धावले. मेन स्विच पाडला, तीनही मजल्यांची यंत्रं एकदम थांबली. ती शांतता अजून माझ्या कानात आहे. मी प्रत्येक शटरवर हात आपटत "बाहेर, बाहेर" म्हणत गेले. लोक कुरकुरत उतरले, कुणी हातातला जॉबचा तुकडा तसाच धरून. जोसेफने वरचे दोन मजले रिकामे केले. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, सर आले नाहीत.

गाळ्याच्या दाराशी त्यांनी वर्षानुवर्षं एक गॅसचा मुखवटा टांगून ठेवला होता. त्याची हवा गाळायची डबी ते नेमाने बदलत आणि आम्ही हसत असू. तो घालून ते खड्ड्यात उतरले होते. पासष्टी ओलांडलेला, आजारातून उठलेला माणूस. दत्तारामला काखेत धरून ओढत पॅसेजच्या तोंडापर्यंत आले आणि दोघेही कोसळले. जयंतीभाई आणि मी त्यांना उन्हात ओढलं. दत्तारामचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्याचा हात धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: मी "ठीक" म्हणाले होते.

फायर ब्रिगेडच्या माणसांनी मीटर लावला तेव्हा खड्ड्यात गॅस होता. मागच्या एका गाळ्यात नवे भाडेकरू येणार होते. तिथल्या जुन्या टाक्या साफ करणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराने जुनं ॲसिड निळ्या झाकणात ओतलं होतं. त्याला रंगांचं कुणी सांगितलं नव्हतं. दत्ताराम पाच दिवस हॉस्पिटलात राहिला आणि चालत घरी गेला.

सोमवारी सगळे मालक पॅसेजमध्ये जमले. जयंतीभाई म्हणाले, "माणूस वाचला, देवाची कृपा. आता हे आपल्यात ठेवायचं. बाहेर बोभाटा झाला की प्लांट गेला, इस्टेट गेली. सव्वाशे घरं आहेत साहेब या शटरांच्या मागे." बऱ्याच माना हलल्या. तेही घाबरलेलेच होते.

सर स्टुलावरून उठले. "माझं नाक गेलंय," ते म्हणाले. "आजारात गेलं. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटलं, नाक गेलं हे कळलं की तुम्ही मला गटारापाशी उभं करणार नाही. मी रोज खोटं 'ठीक' म्हणत होतो." थांबले. माझ्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत आणि बोलणार नाहीत हे मला कळलं. खाली बसायला लागले.

मग मी उभी राहिले. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. मुलाखतीपासून सांगितलं. संपलं तेव्हा मला वाटलं आता कुणीतरी शिवी घालेल, किंवा सरळ जा म्हणेल. जोसेफ जिन्याच्या पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "मग उद्या सकाळी वास कोण घेणार?"

रागाने विचारलं नव्हतं, खरंच विचारत होता. त्याच प्रश्नावर पुढचे चार महिने गेले. गॅस ओळखणारा सेन्सर बाहेरून आणावा लागला. बाकी सगळं इस्टेटीत झालं. सर्किट जोसेफचं, पत्र्याचा डबा पहिल्या मजल्यावरचा, जाळीचे स्क्रू दुसऱ्या मजल्यावरचे, मुलामा आमचा. प्रत्येक झाकणाखाली एक डबा, आणि पॅसेजमध्ये भोंगा. मागच्या दोन गाळ्यांनी जुनं पाणी काढलं. सरांनी अपघाताचं सगळं खरं लिहून सल्लागाराला पाठवलं, नावागावासकट. जयंतीभाई महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मंजुरी वर्षभर अडकली. ते वर्ष आम्ही सगळ्यांनी शटर उघडताना श्वास रोखून काढलं. पण शेवटी मंजुरी आली, आणि तिच्यासोबत दुसऱ्या दोन ठिकाणांहून आमच्या डब्यांची मागणीही आली.

प्लांटच्या उद्घाटनाला मांडव होता, पाहुणे होते, खुर्च्यांना कापडं होती. सर गिरगावातून टॅक्सीने आले. आता ते रोज येत नसत. पाहुणे फीत कापायला पुढे झाले आणि भोंगा वाजला.

कुणी कुणाला विचारलं नाही. यंत्रं थांबली, शटरं अर्धवट सोडून लोक जिन्यांनी उतरले, न ढकलता, भराभर. पाहुण्यांना जयंतीभाईंनी हाताला धरून बाहेर काढलं. दोन-तीन मिनिटांत सगळी इस्टेट रस्त्यावर होती. नंतर कळलं की मांडववाल्याने डब्याच्या वायरीवरच खुर्च्यांची थप्पी ठेवली होती. गॅस नव्हता. पाहुणे रागावले होते, सल्लागार घाम पुसत होता, लोक हसत परत आत गेले.

सर आत गेले नाहीत. फुटपाथवरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर बसले. मी शेजारी बसले.

"सर, काही नव्हतं. वायर दबली होती."

"माहीत आहे."

चहा आला. त्यांनी घेतला नाही.

"गाळा आम्ही दोघांनी घेतला होता," ते म्हणाले. "मी आणि माझा कॉलेजातला मित्र. त्याला वास येत नसे. तुझ्यासारखाच. त्याने पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं होतं. म्हणून ठरलं, टाकीत उतरायचं ते त्याने आणि वर उभं राहायचं ते मी. वास आला की ओरडायचं. एवढंच माझं काम."

"तो गेल्यावर सगळे म्हणाले, मला वास आला नसेल. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं, त्याच्या आईलाही तसंच सांगितलं. पण आला होता गं मला. स्वच्छ आला होता. दुपारची वेळ होती, मी जेवलो नव्हतो. मला वाटलं, पलीकडच्या चाळीत कुणीतरी बदामाचा शिरा करतंय."

आतून कुणीतरी नारळ फोडायला सरांना बोलवायला आलं. ते उठले, शर्ट नीट केला आणि त्या माणसामागून गेले. बाकड्यावरचा त्यांचा चहा निवत होता.